फाळके, पेंटर आणि प्रभातकार : चित्रपटाच्या दृश्यरूपाचा साधनदृष्ट्या विचार

इतिहासाच्या साधनांत चित्रपटाची गणना करावी कीं नाहीं, याविषयीं आमच्या संशोधकवर्गांत अद्यापि एकवाक्यता नाहीं. ताम्रपट, शिलालेख, सनदा, कैफियती व पोथ्या वाचणारे पुष्कळ. परंतु शंभर वर्षांमागें काढलेली चित्रपटाची फीत हीसुद्धां एक प्रकारची पोथीच असून मूळ प्रत, नक्कल, पाठभेद, वाचना व प्रक्षेप हे सर्व विचार तिलाही लागूं पडतात, ही गोष्ट फारच थोड्यांच्या ध्यानांत येते. प्रस्तुत लेखांत दादासाहेब फाळके, बाबूराव पेंटर, दामले-फत्तेलाल आणि शांताराम या मराठी दिग्दर्शकांची तुलना या दृष्टीनें करण्याचें योजिलें आहे. तुलना करणारे आम्ही नांदेड-लातूरकडील. म्हणजे ज्या प्रांतांत यांपैकीं एकही पट तयार झाला नाहीं, परंतु ज्याच्या संतांवर यांतले कांहीं पट निघाले, त्या प्रांतांतील. हा दृष्टिकोन थोडा निराळा पडेल, हें आम्ही आरंभींच सांगून ठेवतों.

'राजा हरिश्चंद्र' या पटापासून आरंभ करणें सोईचें आहे. ता. ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन सिनेमॅटोग्राफ गृहांत तो लोकांपुढें आला, हें सर्वश्रुत आहे. मूळ पट चार रिळांचा, सुमारें ३७०० फूट लांबीचा होता. पुण्याचें राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय १९६४ सालीं स्थापन झालें; त्याचे पहिले संग्राहक कै. पी. के. नायर यांनीं फाळक्यांच्या पटांचे अवशेष मोठ्या चिकाटीनें मिळविले. त्यांत या पटाचें पहिलें व शेवटचें अशीं दोनच रिळें हातीं लागलीं. बरें, हीं दोन तरी १९१३ चींच कशावरून? फाळक्यांनीं १९१७ सालीं हीच कथा पुन्हां एकदां पडद्यावर आणिली होती, आणि उपलब्ध रिळें या दुसऱ्या पटाचीं असावींत असें कित्येक चित्रपट-इतिहासकारांचें मत आहे. म्हणजे समारंभांतून आपण 'आद्य भारतीय चित्रपट' म्हणून जें कौतुकानें पाहतों, तें कदाचित् त्याचें चार वर्षांनंतरचें पुनर्लेखन असावें!

पोथ्यांशीं संबंध आलेल्यास यांत नवल वाटण्याचें कारण नाहीं. खुद्द ज्ञानेश्वरीची मूळ प्रत आज कोणाजवळ आहे? पैठणास एकनाथांनीं शके १५०६ मध्यें, म्हणजे इ. स. १५८४ च्या सुमारास, निरनिराळ्या प्रतींतले अपपाठ काढून ती शुद्ध केली, म्हणून तिचा पाठ आपणांस सुस्थितींत लाभला. चित्रपटाच्या बाबतींत असा एकनाथ फार उशिरां जन्मला. या वादाचा निकाल लावण्याचा आमचा अधिकार नाहीं. परंतु त्यांतून एक नियम मात्र निघतो. त्या दोन रिळांवरून '१९१३ सालीं फाळक्यांस अमुक साधलें होतें' असें विधान करतां येणार नाहीं. '१९१७ पर्यंत साधलें होतें' येवढेंच म्हणतां येईल. हा नियम न पाळल्यामुळें पुष्कळ लेखकांनीं फाळक्यांची प्रगति चार वर्षें अलीकडे ओढली आहे.

आतां दृश्यरूपाकडे वळूं. त्या रिळांत राजा मुलास धनुर्विद्या शिकवितो. राणी सख्यांसह हौदांत जलक्रीडा करिते (स्त्रियांचीं कामें पुरुषांनींच केलीं असून तारामती साळुंके यांनीं केली होती). विश्वामित्राच्या अग्नींतून शक्ति प्रकट होतात. कॅमेरा समोर एके ठिकाणीं ठाकलेला, पात्रें समोरासमोर, सर्व आकृति पायांपासून मस्तकापर्यंत पूर्ण. पाहणारास वाटतें कीं, रविवर्म्याची तसबीर भिंतीवरून उतरून हालूं लागली. यांत योगायोग नाहीं. त्र्यंबकेश्वरी १८७० सालीं जन्मलेल्या या गृहस्थानें मुंबईच्या जे. जे. कलाशाळेंत व बडोद्याच्या कलाभवनांत शिक्षण घेतलें, पुराणवस्तु-संशोधन खात्यांत नोकरी केली, आणि रविवर्म्याच्या तसबिरी छापणाऱ्या लोणावळ्याकडील शिळाछापखान्यासाठीं काम केलें. ज्याचा डोळा शिळेवरच्या चित्रानें घडला, त्यानें पडद्यावरही तसबीरच मांडावी हें स्वाभाविक होय. भेद इतकाच कीं, या तसबिरींत चमत्कार घडूं लागला. वाटाण्याच्या वेलाची वाढ एक एक चित्र घेऊन त्यांनीं १९१२ मध्येंच दाखविली होती. 'लंकादहन' (१९१७) व 'कालियामर्दन' (१९१९) हीं त्याच विद्येचीं फळें. शेवटल्या पटांत त्यांची लहानगी कन्या मंदाकिनी कृष्ण झाली होती.

भरतमुनींनीं नाट्याचे लोकधर्मी व नाट्यधर्मी असे दोन धर्म सांगितले आहेत. लोकांत जसें घडतें तसें दाखविणें हा पहिला. संकेतानें, अलंकारानें, लोकांत नसलेलें घडवून दाखविणें हा दुसरा. फ्रान्सांत ल्युमिएर बंधु व मेलिए यांच्यांतील जो भेद पाश्चात्य लेखक वर्णितात, तो आमच्या शास्त्रांत दीड हजारांहून अधिक वर्षांपूर्वींच नांवानिशीं सांगितलेला आहे. मराठी माणसानें हातीं कॅमेरा धरला तो मुळांत लोकधर्मी म्हणून. सावेदादा ऊर्फ हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर यांनीं १८९९ मध्यें कुस्तीचें व १९०१ च्या अखेरीस रँग्लर परांजपे यांच्या स्वागताचें चित्रण केलें. फाळक्यांनीं ओघ नाट्यधर्माकडे वळविला. त्यांस लोकधर्म साधत नव्हता असें नव्हे. त्यांचें मन तिकडे नव्हतें.

तें मन बाबूराव पेंटरांचें होतें, आणि आमच्या मतें या सर्वांत खरा क्रान्तिकारक तोच. बाबूराव कृष्णराव मेस्त्री हें त्यांचें नांव, जन्म कोल्हापुरीं १८९० चा. चुलतबंधु आनंदराव यांच्यासह त्यांनीं नाटकमंडळ्यांचे पडदे रंगविले. या पडद्यांवरील महाल व अरण्यें इतकीं हुबेहूब असत कीं लोकांनीं 'पेंटर' हेंच त्यांचें आडनांव करून टाकलें. आनंदराव १९१६ मध्यें वारले. दोघांनीं आरंभिलेली कॅमेरा घरींच बनविण्याची खटपट बाबूरावांनीं पुरी केली. गायिका तानीबाई कागलकर यांनीं भांडवल पुरविलें, शाहूमहाराजांचा आश्रय मिळाला, आणि महाराष्ट्र फिल्म कंपनी उभी राहिली. 'सैरंध्री' १९२० मध्यें पुण्यास लागला. त्यांत स्त्रीपात्रांचीं कामें स्त्रियांनींच केलीं, व कीचकवधाचा देखावा इतका उग्र उतरला कीं त्यास कात्री लागली.

जो स्वतः पडदे रंगविण्यांत निष्णात, त्यानेंच रंगविलेला पडदा चित्रपटांतून हांकून द्यावा, ही मौजेची गोष्ट आहे. परंतु तीच खरी. सपाट कापडावर खांब रंगवून खोलीचा भास करण्यापेक्षां खांबच उभा करावा, त्याच्या मागें दालन, दालनामागें चौक, असें बाबूरावांनीं केलें; 'सिंहगड' (१९२३) पटांत कृत्रिम प्रकाशाचा उपयोग केला. छाया ही प्रकाशाची उणीव नसून तीही एक रंगद्रव्य आहे, हें मराठी पडद्यास त्यांनीं शिकविलें. फाळक्यांच्या चित्रांत सर्वत्र दुपार आहे. पेंटरांच्या पटांत प्रथम संध्याकाळ झाली.

त्यांचा 'सावकारी पाश' (१९२५) हा पट नारायण हरि आपटे यांच्या कथेवर रचिला होता. कर्जापायीं जमीन गमावून शहरांत गिरणीचा मजूर होणारा तरुण शेतकरी त्यांत शांताराम यांनीं केला. काळोखी झोंपडी आणि तिच्यापुढें रडणारें कुत्रें, हा त्यांतील एक देखावा पाहणारांच्या लक्षांत कायमचा राहिला. नांदेड-लातूरच्या वाचकांस हा विषय समजावून द्यावयास नको. ज्वारी-तुरीच्या या मुलुखांत कुळाचा व सावकाराचा हिशेब किती पिढ्या चालत आला, तें घरोघर ठाऊक आहे. आणि दैवदुर्विलास असा कीं, फाळक्यांचे देव रिळांतून थोडेफार वांचले, पेंटरांचा हा शेतकरी मात्र नष्ट झाला. १९३६ मध्यें बाबूरावांनीं तोच विषय बोलपटांत पुन्हां घेतला. पण नंतरच्या प्रतीवरून आधीची प्रत कल्पिणें कसें धोक्याचें असतें, तें वर सांगितलेंच आहे.

हें सर्व कोल्हापुरांत घडलें. नांदेडांत किंवा लातुरांत कां घडलें नाहीं? आमचे लोक कलाहीन होते म्हणून, असें उत्तर कोणी देऊं नये. कोल्हापूर हें संस्थान होतें, तसेंच हैदराबादही संस्थानच होतें, व त्याचें वैभव कोल्हापुराहून कितीतरी मोठें. हैदराबादेस चित्रपटाचा उद्योग झालाच नाहीं असेंही नाहीं. धीरेंद्रनाथ गांगुली या बंगाली कलावंतानें १९२२ मध्यें तेथें लोटस फिल्म कंपनी काढली, पट तयार केले, चित्रगृहेंही चालविलीं. १९२४ मध्यें त्यांनीं 'रझिया बेगम' हा पट दाखविला. मुसलमान राणी व हिंदु पुरुष यांच्या प्रेमाची ती कथा निजामास रुचली नाहीं. गांगुलींस राज्य सोडावें लागलें व तो उद्योग तेथेंच संपला. एका दरबारानें कारागिरास आश्रय दिला, दुसऱ्यानें वाट दाखविली. त्यांतच राज्यकारभाराची व शिक्षणाची भाषा उर्दू. मराठी पटाचें भांडवल, लेखक व नट या भूमींत उभे राहणें दुरापास्त होतें. ता. १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत ही स्थिति होती, आणि तोंवर मराठी चित्रपटाचें पहिलें उज्ज्वल युग सरत आलें होतें.

त्यांतही लातूर व नांदेड यांत फरक आहे. बार्शी लाइट रेल्वेची अडीच फुटी गाडी १९११ मध्यें लातुरास आली, व तीच लाइन १९२७ मध्यें पंढरपुरावरून मिरजेस जाऊन भिडली. मिरजेहून कोल्हापूर कितीसें दूर? नांदेडचा लोहमार्ग मात्र मनमाड व हैदराबाद यांस जोडलेला. मालाबरोबर रुचिही रुळांवरून येते. लातुराचा कल पंढरपूर-कोल्हापुराकडे आणि नांदेडचा मुंबई व हैदराबादेकडे, हें जें बोली-व्यापारांत दिसतें, त्याचा चित्रपटाच्या आवडीशींही संबंध असावा असा आमचा तर्क आहे.

पेंटरांच्याच तालमींत तयार झालेले विष्णुपंत दामले, फत्तेलाल, शांताराम व केशवराव धायबर हे सीताराम कुलकर्णी यांच्यासह बाहेर पडले आणि ता. १ जून १९२९ रोजीं कोल्हापुरीं प्रभात फिल्म कंपनी निघाली. १९३३ मध्यें ती पुण्यास गेली. एकाच गुरूचे हे शिष्य. परंतु दृष्टि दोन.

शांताराम यांची दृष्टि तीक्ष्ण, अधीर, नवें दिसेल तें उचलणारी. 'अमृतमंथन' (१९३४) पटांत त्यांनीं राजगुरूचा एक डोळाच सबंध पडदाभर दाखविला. मराठी पटांत हा राजगुरु केशवराव दाते, हिंदींत चंद्रमोहन. भरतानें रसांच्या आठ, स्थायी भावांच्या आठ व संचारी भावांच्या वीस अशा छत्तीस दृष्टि सांगितल्या. परंतु मागल्या रांगेंतील प्रेक्षकास नटाच्या बुबुळाची ती हालचाल काय दिसणार? शास्त्रांत असलेली आणि रंगभूमीवर दूरच्यास न दिसणारी वस्तु भिंगानें दृग्गोचर केली. 'कुंकू' (१९३७) त्याहून मोठा. यांत पार्श्वसंगीत नाहीं. घरांतले, रस्त्यांतले जे आवाज तेवढेच. म्हाताऱ्या नवऱ्याचें घड्याळ हें तर त्या घरांतलें एक पात्रच झालें आहे. 'शेजारी' (१९४१) हिंदु-मुसलमान शेजाऱ्यांची कथा. तिच्या हिंदी वाचनेंत मुसलमान शेजारी गजानन जागीरदार यांनीं व हिंदु मझहरखान यांनीं केला. 'वाचना' हा शब्द आम्हीं जाणूनबुजून योजिला आहे. प्रभातचे पुष्कळ पट मराठी व हिंदी असे दोनदां, पुष्कळदां निराळे नट घेऊन काढलेले आहेत. एकावरून दुसऱ्याविषयीं लिहिणें म्हणजे दाक्षिणात्य प्रत न पाहतां तिच्याविषयीं अभिप्राय देणें होय. १९४२ मध्यें शांतारामांनीं राजकमल ही संस्था काढली. त्यांचा 'दो आँखें बारह हाथ' (१९५७) हा काळापांढरा पट सोडल्यास उत्तरवयांत ते रंगांच्या व नृत्यांच्या नाट्यधर्मांत इतके रमले कीं 'कुंकू'चा कर्ता हाच काय, असा प्रश्न पडतो. नवीनतेची हांव असणारांचें असें होतें.

दामले-फत्तेलालांची दृष्टि संथ. 'संत तुकाराम' (१९३६) पटांत त्यांनीं कोणतीही कसरत केली नाहीं. विष्णुपंत पागनीस यांचा तुकोबा गाभाऱ्यांत जसा तसाच घरीं. गौरी यांची जिजाई शेणानें भरलेल्या हातांनीं संसार हांकते आणि विठोबास शिव्या देते. शेवटीं वैकुंठास जाणारें गरुडवाहनही येतें, म्हणजे फाळक्यांचा चमत्कार आहे. परंतु तो पेंटरांच्या झोंपडीसमोर घडतो. लोकधर्म व नाट्यधर्म एकाच चौकटींत असे नांदलेले आम्हांस दुसऱ्या पटांत आढळले नाहींत. मुंबईच्या सेंट्रल चित्रगृहांत तो ५७ आठवडे चालला व १९३७ मध्यें व्हेनिसच्या प्रदर्शनांत त्याचा गौरव झाला. संशोधकांस यांतली दुसरीच एक गोष्ट बोधप्रद वाटेल. या पटासाठीं शांताराम आठवले यांनीं अभंगाच्या धाटणींत एक पद रचिलें. तें इतकें बेमालूम उतरलें कीं कित्येकांनीं तुकोबांचेंच समजून तें गाथेंत शोधलें. प्रक्षेप कसा जन्मतो, हें पोथ्यांच्या बाबतींत आपण अनुमानानें सांगतों. येथें त्याचा कर्ता, साल व कारण सर्व हाताशीं आहे.

पदाचा प्रक्षेप गाथा पाहून ओळखतां येतो. दृश्याचा प्रक्षेप कोणीं ओळखावा? एकनाथ पैठणचे, जनाबाई गंगाखेडची, नामदेव नर्सीचे, ज्ञानदेवांचें मूळ आपेगांव. हे सारे मराठवाड्याचे. एकनाथांवरील 'धर्मात्मा' (१९३५) शांतारामांनीं काढला, त्यांत बालगंधर्व एकनाथ झाले. 'महात्मा' हें त्याचें पूर्वींचें नांव सरकारी परीक्षकांस खपलें नाहीं, म्हणून बदलावें लागलें. पुढें 'संत ज्ञानेश्वर' (१९४०) व 'संत जनाबाई' (१९४९) आले. परंतु पडद्यावरचें पैठण पुण्याच्या आवारांत, कोल्हापुरीं घडलेल्या हातांनीं उभारलेलें होतें. गोदेचा तो रुंद घाट, मातीचीं माळवदें, त्यांवरून चालणारी बायकांची ये-जा, जाड दगडी भिंतींचीं बुटकीं दारें, हें आमच्याकडील घराचें रूप वेगळें आहे. तरीही आमच्या भागांतील म्हाताऱ्या माणसांस 'नाथांचा वाडा कसा होता?' असें विचारावें, तों तीं चित्रपटांतला वाडा सांगूं लागतात! यांत दिग्दर्शकांचा दोष नाहीं. त्यांस जें ठाऊक तें त्यांनीं उभारलें. परंतु ता. ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारीच्या भूकंपांत लातूर-उस्मानाबादेकडील तीं माळवदी घरें सुमारें दहा हजार माणसांसह जमीनदोस्त झालीं, व त्यांच्या जागीं नव्या ठिकाणीं सरळ रेषेंत आंखलेलीं गांवें वसलीं. मूळ रूप गेलें, आणि परकें रूप पडद्यावर टिकलें, अशी ही अवस्था आहे.

पाहणारा कोठें बसतो यावरही रूप अवलंबून असतें. मार्गशीर्षांत माळेगांवच्या खंडोबाच्या यात्रेंत, घोड्यांच्या बाजारापलीकडे, फिरत्या चित्रपटाचे तंबू लागत. तेथें आमचे पहिले पौराणिक पट पाहणें झालें. गर्दी झाली कीं लोक पडद्याच्या मागल्या अंगासही बसत. त्यांस सर्व उलटें दिसे. राम डाव्या हातानें बाण सोडी. कोणाचीच तक्रार नसे. तंबूंतील फाटकी, सांधलेली रिळें पाहून ज्यांनीं देव ओळखले, त्यांचा चित्रपट-इतिहास अजून लिहिला गेलेला नाहीं.

नंतरच्या काळाविषयीं थोडक्यांतच सांगतों. सत्यजित राय यांच्या 'पथेर पांचाली'नें (१९५५) लोकधर्मास देशांत प्रतिष्ठा दिली. मराठींत तो धागा जब्बार पटेल यांच्या 'सामना', 'सिंहासन' (१९७९) यांतून, पुढें 'श्वास' (२००४) व नागराज मंजुळे यांच्या 'फँड्री'तून चालत आला. मंजुळे करमाळ्याकडील, म्हणजे आमच्या शिवेलगतचे. त्यांच्या पात्रांच्या तोंडीं प्रथमच आमच्या कानास ओळखीची बोली पडद्यावरून ऐकूं आली. 'फँड्री'च्या शेवटीं मुलानें भिरकावलेला दगड थेट प्रेक्षकाकडे येतो. फाळक्यांच्या पटांत पात्र प्रेक्षकाकडे पाहतें तें दर्शन देण्यासाठीं. येथें तें त्यासच जबाबदार धरतें.

ता. ८ जानेवारी २००३ रोजीं पुण्यास लागलेल्या आगींत जुन्या नायट्रेट फितींचा मोठा सांठा जळाला. जें गेलें तें परत यावयाचें नाहीं. तथापि रिळांखेरीज दुसरीं साधनें आहेत: चित्रगृहांचीं तिकिटांचीं व करमणूक-कराचीं पुस्तकें, रेल्वेनें आलेल्या डब्यांच्या पावत्या, उर्दू-मराठी जाहिरातींचे कागद, तंबूवाल्यांच्या वह्या, यात्रेचे परवाने. नांदेड व लातूर येथील पडद्याचीं जुनीं घरें एकामागून एक मोडून तेथें दुकानें होत आहेत, व हे कागद रद्दींत जात आहेत. ज्यांच्या संग्रहीं १९४८ पूर्वींचें असें एखादें हस्तपत्रक वा वही असेल, त्यांनीं तिची नक्कल गांव, चित्रगृह व तारीख यांच्या नोंदीसह मंडळाकडे पाठवावी. पत्रक फाटकें असल्यास तें चिकटवून सारखें करूं नये. जसें असेल तसेंच ठेवावें.